कन्सोल सुकला म्हणजे वाचला असं नाही

हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलवर, पाणी सांडलं की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, किती दिवस सुकवू? आणि मला दर वेळी वाटतं की प्रश्नच चुकतोय. सुकवायचं तर आहेच, पण तो त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, पाणी काय, कधी ना कधी उडून जाणारच. ते उडून गेल्यावर आत जे उरतं ना, क्षार, साखर, आधीची साचलेली धूळ आणि हे सगळं मिळून झालेला चिकट थर, तो कन्सोल मारतो. आणि लगेच मारत नाही, आठवड्याने मारतो, महिन्याने मारतो. म्हणून "दोन दिवस ठेवला, चालू झाला, वाचला" असं कोणी म्हणालं की माझं पहिलं विचारणं असतं, उघडून साफ केला का?

मला जुने-नवे हँडहेल्ड उघडायचा, दुरुस्त करायचा नाद आहे. लोक आपापले भिजलेले कन्सोल दाखवतात आणि त्यात जवळपास दर वेळी एकच गोष्ट दिसते, सांडलेल्या पाण्याने जेवढं नुकसान झालं त्याच्यापेक्षा जास्त नंतरच्या घाईने झालंय. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी पाणी नेमकं करतं काय. एकदम शुद्ध पाणी विजेचं फारच कच्चं वाहक आहे, पण शुद्ध पाणी रोजच्या वापरात असतंच कुठे, नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, घामात मीठ असतं, आणि समुद्राच्या पाण्यात तर लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. असं पाणी कन्सोलच्या आतल्या सर्किट बोर्डवर पडलं आणि बोर्डमध्ये करंट असला की शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं. ज्या पिनेला जास्त व्होल्टेज तिथला धातू, तांबं असो नाहीतर कथील, विरघळायला लागतो, आयन होऊन पाण्यातून पलीकडे सरकतो आणि कमी व्होल्टेजच्या पिनेवर जाऊन बसतो, आणि बसतो तो बारीक बारीक फांद्या फुटत बसतो, त्यांना डेंड्राइट म्हणतात. अशी एखादी फांदी पलीकडच्या पिनेला टेकली की शॉर्ट झालाच. आताच्या बोर्डवर कित्येक ठिकाणी दोन पिनांमध्ये अर्धा मिलिमीटरसुद्धा अंतर नसतं, त्यामुळे या सगळ्याला दिवस लागत नाहीत, मिनिटांत होऊ शकतं.

आता यातली कळीची गोष्ट म्हणजे करंट. तोच बोर्ड, तेच पाणी, पण बॅटरी काढलेली असेल तर हेच गंजणं कितीतरी हळू होतं. म्हणजे पाणी पडल्यानंतर तुमच्या हातात खरी एकच गोष्ट आहे, वीज तोडणं, आणि ती पहिल्या काही मिनिटांत करायची आहे.

आणि वीज तोडणं म्हणजे स्क्रीन काळी करणं नव्हे हे मी ठासून सांगतो. निन्टेन्डो स्विचचं किंवा स्टीम डेकचं पॉवर बटण नुसतं दाबलं तर तो झोपतो, बंद होत नाही, रॅमला वीज चालू असते, चार्जिंगचा भाग जागा असतो. स्विचला बटण १२ सेकंदांहून जास्त दाबून धरलं की तो जबरदस्तीने बंद होतो. पण तेवढ्यावरही बॅटरी बोर्डला जोडलेलीच असते, त्यामुळे काही पिनांवर व्होल्टेज असतंच. सोनीच्या जुन्या पीएसपीचं बरं होतं, मागचं झाकण हाताने सरकवलं की बॅटरी हातात, निन्टेन्डोच्या डीएसला एक स्क्रू, थ्रीडीएसला मागचं कव्हर काढलं की झालं. स्विचमध्ये मागचं कव्हर, मग पत्र्याची शील्ड आणि मग कुठे बॅटरीचं कनेक्टर दिसतं, आणि बाहेरचे काही स्क्रू वाय आकाराच्या खाचेचे असतात, त्यासाठी ट्राय-विंग स्क्रूड्रायव्हर लागतो, साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावला तर खाच घासून जाते आणि मग खरा ताप होतो. स्टीम डेक उघडणार असाल तर आधी मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा, कार्ड आत ठेवून मागचं कव्हर उचललं तर कार्डाचे दोन तुकडे होतात. बॅटरीचं कनेक्टर नेहमी प्लास्टिकच्या पट्टीने उचलायचं, धातूच्या टोकाने नाही, आणि वायर धरून ओढायचं तर अजिबातच नाही.

चार्जरला लावून बघायचा मोह सगळ्यात वाईट. युएसबी-सीच्या पोर्टमध्ये दोन्ही बाजू मिळून २४ पिना कोंबलेल्या असतात आणि त्यातल्या काहींवर थेट चार्जरची वीज येते. ओल्या पोर्टमध्ये केबल घातली की त्या पिना हिरव्या-काळ्या पडायला वेळ लागत नाही. स्विच दुरुस्त करणाऱ्यांना एम९२टी३६ आणि बीक्यू२४१९३ ही दोन नावं पाठ असतात, पहिली युएसबी-सीची वीज ठरवणारी चिप, दुसरी बॅटरी चार्ज करणारी. चार्जच होत नाही, टक्के पुढे सरकत नाहीत, डॉकला, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडला, लावलं तर टीव्हीवर चित्र नाही, अशा तक्रारीत संशय या दोघींवर आणि पोर्टवर जातो, आणि पोर्टात ओल गेलेली असली तर बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच झालेली असते.

आता तांदूळ, म्हणजे ओली वस्तू तांदळाच्या डब्यात पुरून ठेवणं. हा उपाय कुठून आला कोण जाणे पण जात काही नाही. कोरडे तांदूळ हवेतली ओल थोडीफार ओढतात हे खरं आहे, पण बंद कन्सोलच्या आत, शील्डखाली, चिपखाली अडकलेलं पाणी ते बाहेर बसून कसं ओढणार? उघड्यावर, हलका वारा लागेल अशा जागी ठेवलेला कन्सोल डब्यात पुरलेल्या कन्सोलपेक्षा चांगला सुकतो. वर तांदळाचा पांढरा भुगा पोर्टमध्ये आणि फॅनच्या जाळीत जातो, आणि ओल्या जागी पिठासारखा चिकटतो. २०२४ साली ॲपलनेही आपल्या सपोर्टच्या पानावर स्पष्ट लिहिलं की ओला आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. फोनला तरी रबराच्या सील असतात, हँडहेल्डला फॅनची जाळी आहे, कार्डाची खाच आहे, बटणांभोवती फटी आहेत. तांदळाचा सगळ्यात मोठा तोटा मात्र वेगळाच आहे, माणसाला वाटतं आपण उपाय केलाय आणि तो दोन दिवस गप्प बसतो, आणि त्या दोन दिवसांत बॅटरी आतच असते.

हेअर ड्रायरचंही तेच. गरम हवा पाणी आणखी आत ढकलते, प्लास्टिक वाकवते, स्क्रीनमागच्या चिकटपट्ट्या सुटतात आणि लिथियम बॅटरीला उष्णता देणं हे तर मुळातच नको.

मग करायचं काय, तर धुवायचं. ऐकायला उलटं वाटतं, भिजलेल्या वस्तूवर अजून पातळ काहीतरी ओतायचं, पण उपाय हाच आहे. बॅटरी काढलेली, स्क्रीन वेगळी केलेली, स्पीकर आणि जॉयस्टिक सोडवलेले, शील्ड उचललेल्या, असा नुसता बोर्ड हातात घ्यायचा. साधं पाणी असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरतो. पण सांडलंय ते गोड पेय किंवा समुद्राचं पाणी असेल तर थेट अल्कोहोल ओतून उपयोग नाही, कारण साखर आणि मीठ दोन्ही अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळत नाहीत, ते जागच्या जागी राहतात. अशा वेळी आधी डिस्टिल्ड वॉटर, भरपूर, ब्रशने हलक्या हाताने, आणि मग ते पाणी हुसकायला अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यात पूर्ण मिसळतं, चिपखालच्या फटीत शिरतं, पाण्याला सोबत घेऊन बाहेर येतं आणि पटकन उडून जातं, म्हणून ते वापरायचं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं असतं त्यात उरलेलं ३० टक्के बहुतेक पाणीच असतं, तेव्हा ते इथे कामाचं नाही.

कोलासारख्या पेयाबद्दल एक वेगळं सांगायला हवं. त्याचं पीएच साधारण अडीचच्या आसपास असतं, म्हणजे चांगलंच आम्ल, शिवाय साखर, आणि साखरेचा थर हवेतली ओल ओढून घेत राहतो. त्यामुळे तो बोर्ड खऱ्या अर्थाने कधी सुकतच नाही, दमट दिवस आला की परत ओला. साध्या पाण्याने भिजलेला कन्सोल आणि कोलाने भिजलेला कन्सोल या दोन वेगळ्या केसेस आहेत, दुसरीत उघडण्याला पर्यायच नाही.

धुताना शील्डच्या खाली जरूर बघा. वरून बोर्ड लखलखीत आणि पत्र्याखाली हिरवा थर, हे इतक्या वेळा दिसतं की मी आता शील्ड न उचलता कुठलाही बोर्ड ठीक आहे असं म्हणतच नाही. पाणी फटीत शिरतं आणि तिथेच धरून राहतं, मोठ्या चिपच्या पोटाखाली जे सोल्डरचे गोळे असतात त्यांच्यामध्ये तर ते कितीतरी दिवस टिकतं. फॅनचा एक्झॉस्ट वरच्या बाजूला असलेले कन्सोल, स्विच आणि स्टीम डेक दोन्ही तसेच, वरून सांडलेलं थेट आत घेतात, आणि स्विचची गेमकार्डाची खाचही वरच आहे.

अल्कोहोल सगळीकडे मात्र चालत नाही. स्क्रीनवरच्या ॲक्रिलिकच्या काचेला त्याने बारीक तडे जाऊ शकतात, एलसीडीच्या कडेने आत शिरलं तर थरांमध्ये डाग पडतात, स्पीकरचा पडदा आणि माइक यांना ते सोसत नाही. आणि हो, ते पेटतं, जवळ ज्योत नको, खिडकी उघडी हवी, पूर्ण उडेपर्यंत बॅटरी जोडायची नाही.

बॅटरी फुगली असेल, वास येत असेल, भोक पडलं असेल तर दुरुस्तीचा विषय तिथेच संपतो. लिथियम-आयन बॅटरीच्या आतल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये बहुतेक वेळा लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट असतं आणि त्याला पाणी लागलं की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, अत्यंत विषारी. भिजलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची आणि नवी घ्यायची. बोर्ड वाचवायच्या नादात लोक जुनी बॅटरी परत लावतात ते मला अजिबात पटत नाही.

स्क्रीनचं थोडक्यात. एलसीडीमागे बॅकलाइटचे पातळ थर असतात, त्यात पाणी शिरलं की ढगासारखे डाग दिसतात, सुकल्यावर काही जातात, काही कायमचे राहतात. ओलेडची, म्हणजे बॅकलाइटशिवाय स्वतःच उजळणाऱ्या स्क्रीनची, गोष्ट गंभीर, ओलेडचं मटेरियलच ओलाव्याने मरतं म्हणून ते कारखान्यात हवाबंद केलेलं असतं, त्याची काच तडकली असेल आणि त्यात ओल गेली तर काळा डाग वाढतच जातो, मग २०२१ चा स्विच ओलेड असो की सोनीचा २०११ चा पहिला व्हिटा. डीएस आणि थ्रीडीएसचा टचस्क्रीन रेझिस्टिव्ह, म्हणजे दोन थर आणि मध्ये हवा, त्या हवेत ओल शिरली की कोणी हात न लावता टच होत राहतो. जॉयस्टिक जुन्या पद्धतीची, कार्बनच्या पट्टीवर घासणारी असेल तर भिजल्यावर ती ड्रिफ्ट करायला, म्हणजे हात न लावता आपोआप एका बाजूला सरकायला लागते, आणि ती धुण्यापेक्षा बदललेली बरी.

हे झालं सांडण्याचं. पण माझ्या मते जास्त कन्सोल हळूहळू येणाऱ्या ओलीने जातात, आणि त्याच्याकडे कोणाचं लक्षच नसतं कारण तिथे दाखवायला काही अपघात नसतो.

सगळ्यात ओळखीचं म्हणजे सेल गळणं. १९८९ चा गेम बॉय चार पेन्सिल सेलवर चालायचा, सेगाचा गेम गिअर सहा. अल्कलाइन सेल आत विसरला की त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचे पांढरे खडे होतात, आणि ते स्प्रिंगपुरतं थांबत नाही, बोर्डकडे सरकत जातं. हे अल्कली आहे म्हणून कापसाच्या काडीने पांढरं व्हिनेगर लावायचं, फेस यायचा थांबला की डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल. जुने झिंक-कार्बन सेल असतील तर त्यांची गळती मुळात आम्लधर्मी असते, तिथे व्हिनेगरचा फायदा नाही. हातात ग्लोव्ज घाला, डोळ्यांना जपा. ठेवून द्यायचा कन्सोल असेल तर सेल काढूनच ठेवा, यात अपवाद नाही.

१९९० च्या गेम गिअरचं दुखणं आणखी वेगळं आहे, तिथे बाहेरचं पाणी लागतच नाही. त्यातले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने गळतात, त्यातला द्रव बोर्डवर पसरतो आणि तांब्याच्या रेषा खातो. आवाज बारीक होत होत जातो, चित्र फिकट पडतं, सोल्डरिंग आयर्न लावलं की माशासारखा वास येतो. कोणी म्हणालं की माझा गेम गिअर डब्याबाहेर कधी आलाच नाही, एकदम नवा आहे, तरी कपॅसिटर बदललेले नसतील तर तो आतून खराब होत असतो. डब्यात जपून ठेवलेल्या या कन्सोलबद्दल मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते.

दमट आणि गरम जागेत एलसीडीवरच्या पोलरायझर फिल्मचंही असंच होतं, ती सेल्युलोज ट्रायॲसिटेटची असते, ती विघटित व्हायला लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि फिल्म सुरकुतते, बुडबुडे येतात.

आणि दव. एसीच्या खोलीतून बाहेर दमट हवेत कन्सोल आणला की आत दव धरतं हे खूप जणांना माहीत नसतं. बाहेर ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो, म्हणजे २२ अंशांच्या खोलीतून आलेल्या कन्सोलवर पाणी धरणारच, बाहेर दिसलं नाही तरी शील्डवर आणि बोर्डवर. निन्टेन्डो स्वतः स्विचसाठी २० ते ८० टक्के आर्द्रता आणि ५ ते ३५ अंश तापमान सांगतं, त्या हद्दीच्या काठावर राहणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच. उपाय सोपा आहे, बंद पिशवीतच राहू द्या, बाहेरच्या तापमानाला आला की मग काढा आणि चालू करा. पीएसपीत डिस्क फिरते, तिथे लेझरच्या लेन्सवर दव बसलं तर डिस्क वाचलीच जात नाही, आणि लोक लेझर खराब म्हणून बदलून टाकतात, थोडं थांबलं असतं तर आपोआप चाललं असतं.

साठवायला हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढं पुरे, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. रंग बदलणारं जेल घेतलं तर कधी तापवून परत वापरायचं ते कळतं. पण जेल टाकून वर्षभर डबा विसरला तर ते भरून गेलेलं असतं आणि मग नुसते खडे पडून असतात. बॅटरी आत राहणारे कन्सोल निम्म्या चार्जवर ठेवा, शून्यावर नको.

कोणीतरी नेहमी त्या जळालेल्या गेम बॉयचं उदाहरण देतं, आखाती युद्धात होरपळलेला आणि तरीही चालणारा, जो न्यूयॉर्कच्या निन्टेन्डोच्या दुकानात वर्षानुवर्षं मांडलेला होता. तो खरा आहे आणि मलाही त्याचं कौतुक आहे, पण ती आग होती, आणि तो १९८९ च्या डिझाइनचा बोर्ड होता ज्यात चिपच्या पिना डोळ्यांनी मोजता येतात. त्याच्यावरून आताच्या कन्सोलच्या पाण्याचा अंदाज बांधू नका.

शेवटचं पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, सेव्ह, म्हणजे गेममध्ये तुम्ही कुठवर पोचलात त्याची नोंद. बोर्ड नवा मिळतो, स्क्रीन नवी मिळते, वर्षानुवर्षं खेळलेला गेम परत मिळत नाही. म्हणून आधी हे बघा की तुमचा सेव्ह आहे कुठे. डीएसच्या गेमचा सेव्ह कार्डातच असतो, कन्सोल मेला तरी कार्ड धुवून दुसऱ्या डीएसमध्ये चालतं. पीएसपीचा मेमरी स्टिकवर. स्विचचा मात्र कन्सोलच्या आतल्या मेमरीत, गेमकार्डावरही नाही आणि मायक्रोएसडीवरही नाही, आणि आतला डेटा त्या कन्सोलच्या चाव्यांनी एन्क्रिप्ट केलेला असतो, नुसती मेमरी काढून दुसऱ्यात लावून भागत नाही. म्हणून स्विचचा बोर्ड वाचवणं हे कित्येकदा सेव्ह वाचवणं असतं. ऑनलाइन मेंबरशिप असेल तर क्लाउडवर कॉपी असते पण सगळे गेम ते करू देत नाहीत, स्प्लॅटून २ या गेमला ते चालत नाही, तेव्हा आधीच तपासून ठेवा.

जुन्या गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये तर सेव्ह एका बटण सेलच्या जिवावर असतो. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळ आणि सेव्ह दोन्ही त्याच सेलवर, सेल गेला की दोन्ही गेलं. रुबी-सफायरमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत आहे, सेल फक्त घड्याळासाठी, त्यामुळे सेल मेलेला असला तरी घाबरायचं कारण नाही. पहिल्या प्रकारचं कार्ट्रिज भिजलं तर ते पाण्याने धुवू नका, सेल बोर्डला सोल्डर केलेला असतो आणि काढला तर सेव्ह जातो, म्हणजे बोर्ड जिवंतच असतो. फक्त अल्कोहोल, ते वीज वाहून नेत नाही, ब्रश हलका, आणि उभं ठेवून पूर्ण सुकू द्या.

आणि धुतलेला कन्सोल चालू झाला की गेम उघडून बघायच्या आधी सेव्हची कॉपी करा, क्लाउडवर किंवा दुसऱ्या स्विचवर ट्रान्सफर करून. भिजलेला बोर्ड एकदा चालू झाला म्हणून दुसऱ्यांदा होईलच असं नसतं, ती पहिली बूट कॉपीसाठीच वापरायची.